डावी बाजू

रविवारी, भट्टी बंद असताना,
कुपवाडच्या आमच्या शेडपुढं
आदगोंडा ऐनापुरेंचा ट्रक मागून घेतला.
दिवसभरासाठी. डिझेल आमचं.
ते केबिनमध्ये, उजवीकडं, रोजच्या उशीवर.
शबनम खाली, लाल बादली घेऊन.

"दिसतीस."
अजून एक पाऊल.
"दिसतीस. बादली बी दिसती."
अजून.
"गेली."

जिथं गेली तिथं मी खूण करायची.
अकरालाच खडू संपला.
मग हौद्यात सांडलेली हळद,
गेल्या फेरीला पोत्याच्या शिवणीतून गळलेली,
कागदाच्या पुंगळीत भरली
आणि चिमटीतून रांगोळी सोडावी तशी सोडत गेले.

दुपारी गच्चीवरून पाहिलं:
ट्रकच्या डाव्या कुशीला चिकटून
एक पिवळं सूप,
दाराशी निमुळतं, मागं पसरलेलं.
त्यात दोन सायकली मावतात.
किंवा एक स्कूटी, मागं बसलेली आई, मधे दप्तर.
मी मोजलं. मोजणं माझं काम.
साडेअकरा चौरस मीटर,
गुंठ्याचा नववा हिस्सा जेमतेम.

"येवढी जागा रोज संगं घेऊन हिंडतोय,"
ऐनापुरे म्हणाले,
"आन् सातबारा कुणाच्याच नावावर न्हाई."

सपाट आरसा खरं बोलतो, पण थोडंच.
फुगवला की पुष्कळ बोलतो
आणि त्यात जरा खोटं:
जवळचं उचलून लांब ठेवतो,
पळीच्या पाठीत दिसणाऱ्या तोंडासारखं.
आठ महिने मी या दोघांच्या मधे उभी आहे.
किती खोटं चालेल?
चौदाशेची त्रिज्या. बाराशेची. परत चौदाशेची.
शेवटी शिकलगारमामांनी साच्यावरून तळवा फिरवला:
"आतल्या अंगाला गप ठेव, बाहेरच्या कडेला वाकीव.
कोयत्याचा बाक टोकाकडंच असतोय की."
सतरा काचा तडकल्या.
अठरावी थंड झाली, न कुरकुरता.

ती चार वाजता दाराला बसवली.
पुन्हा शबनम, पुन्हा बादली.
"दिसतीस.
दिसतीस.
बारीक झालीस, पर दिसतीस."
सुपाचा पाट झाला.
एका माणसानं उभं राहावं एवढा पाट,
आणि तो काही केल्या पुसला जाईना.
आरसा खाली झुकवला की मागं सरकतो,
वर उचलला की दारापाशी येऊन बसतो.

ऐनापुरे उतरले.
"तुम्ही बसा वर."

मी बसले. उशी अजून गरम होती.
आरशात फाटक, विजेचा खांब,
बादली विसळणारी शबनम, तिच्यामागं कुत्रं.
"दिसतोय?"
नाही.
"आता?"
नाही.
आवाज इतका जवळून येत होता
की हात बाहेर काढला असता तर लागला असता.
इंजिन बंद होतं.
तरी माझा पाय ब्रेकवर.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मीही.
शबनमनं नंतर सांगितलं,
दोन्ही हात पुढं धरून उभे होते ते,
सायकलचं हँडल धरल्यागत.

सहाला ट्रक गेला, अठरा नंबर दाराला घेऊन.
जाताना म्हणाले, "ह्यो राहू दे. दुसरा झाला की सांगा."

रात्री पाणी मारलं.
हळद सिमेंटातून निघाली नाही.
सोमवारी साडेआठला पोरं डबे लटकवून आली.
मोकळ्या अंगणात, ट्रक नसताना,
सूप, आणि सुपात पाट.
एकदोघांनी सायकली वळवल्या.
बाकीचे वरूनच गेले,
चाकांना पिवळं लावून, आत शेडपर्यंत.

मी एकोणिसावी काच पुसायला घेतली.